पुनरुत्थानाचा पुरावा नेमका कुठपर्यंत पोचतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातला एक ख्रिस्ती सहकारी म्हणतो की येशूचे पुनरुत्थान ज्युलियस सीझरच्या खुनाइतकेच सिद्ध झालेले आहे, पाहणारे ५०० जण होते. दुसरा सहकारी म्हणतो की ही सगळी कथा ३०० वर्षांनी नायसियाच्या परिषदेत रचली गेली. यातले खरे कोणते?

दोघेही चुकलेत, पण सारखे नाही. दुसऱ्याचे म्हणणे आधी मिटवू, त्याला फार वेळ लागत नाही. नायसियाची परिषद, म्हणजे बिशपांची मोठी सभा, इ.स. ३२५ ची. तिथला वाद ख्रिस्ताचे पित्याशी नाते काय यावर होता. तो उठला की नाही हा विषय तिथे वादाचा नव्हताच. पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांची एक पपायरस वही आज आपल्याकडे आहे, ती साधारण इ.स. २०० ची, म्हणजे परिषदेच्या सव्वाशे वर्षे आधीची. तिच्यात पुनरुत्थानाचा अध्याय आहे. आणि ती पत्रे मुळात लिहिली गेली ती पहिल्या शतकाच्या मध्यावर. हा मुद्दा इथेच संपला.

पहिल्याचे म्हणणे जरा सावकाश पाहावे लागेल. त्याआधी एक शब्द साफ करून घेऊ, कारण मराठीत इथे हमखास गोंधळ होतो. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. आत्मा अमर आहे किंवा तो देवाकडे गेला असाही त्याचा अर्थ नाही. पहिल्या शतकातला यहुदी माणूस हा शब्द वापरायचा तेव्हा त्याला म्हणायचे असे की जे शरीर मेले तेच उठले, बदललेल्या रूपात, पुन्हा न मरण्यासाठी. दावा एवढा ठोस आहे म्हणूनच त्याच्या पुराव्याची चर्चा होऊ शकते.

आता साधने. शिवकालाचा अभ्यास करणारा माणूस काय करतो ते आठवा. आधी अस्सल पत्रे बघतो, मग समकालीन परकीयांच्या नोंदी, मग सभासदाची बखर, आणि चिटणिसांसारख्या शंभराहून जास्त वर्षांनंतरच्या बखरीला अगदी शेवटी हात लावतो. सभासदानेही महाराजांच्या निधनानंतर सतराएक वर्षांनीच लिहिले. म्हणून आपण त्याला फेकून देत नाही आणि त्याचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उचलतही नाही. इथेही तोच क्रम लावायचा. पौलाची पत्रे सर्वांत आधीची, येशूच्या मृत्यूनंतर २० ते २५ वर्षांची. मग शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या चरित्रकथा: मार्कचे इ.स. ७० च्या आसपासचे, मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या दरम्यानचे, योहान त्याहून थोडे पुढचे. परकीय नोंदीत रोमन इतिहासकार टॅसिटस आणि यहुदी इतिहासकार जोसेफस. आणि दुसऱ्या शतकातले 'पेत्राचे शुभवर्तमान', ज्यात वधस्तंभ स्वतः चालत येतो आणि बोलतोसुद्धा, ते आपल्या हिशेबात उशिराची बखर. वाद घालणारे लोक बहुतेक वेळा शुभवर्तमानांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. सुरुवात पत्रांपासून करायची.

पौलाचे करिंथकरांस (ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला) पहिले पत्र, अध्याय १५, वचने ३ ते ८. माझ्या मते या सगळ्या चर्चेचा ऐंशी टक्के भार या सहा वचनांवर आहे. पौल म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुमच्या हाती दिले. 'मिळणे' आणि 'हाती देणे' ही तिथली ग्रीक क्रियापदे यहुदी गुरुपरंपरेतल्या ठरीव शब्दांशी जुळतात: गुरूकडून पाठ घ्यायचा आणि शिष्याला तसाच द्यायचा. मग चार कलमे येतात. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला आणि मग बारा जणांना दिसला. प्रत्येक कलमाच्या आधी 'की' आहे, जसे एखादा ठराव वाचून दाखवताना येते. यातले शब्दही पौलाचे रोजचे नाहीत. शिष्यांना 'बारा' असे तो इतर कुठेही म्हणत नाही, आणि 'शास्त्राप्रमाणे' हा नेमका शब्दप्रयोगही त्याच्या इतर लेखनात येत नाही. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, त्याला तो 'केफा' म्हणतो, म्हणजे अरामी नाव. थोडक्यात, हा मजकूर पौलाने रचलेला नाही, पाठ केलेला आहे. श्रद्धा असलेले आणि नसलेले अभ्यासक या एका गोष्टीवर जवळपास एकमताचे आहेत, आणि या क्षेत्रात असे फार क्वचित होते.

हा पाठ किती जुना? इथे एक दगड कामी येतो. ग्रीसमधल्या डेल्फी इथे सम्राट क्लॉडियसच्या पत्राचे कोरीव तुकडे सापडले. त्यात गल्लियो नावाच्या प्रांताधिकाऱ्याचा उल्लेख आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. ५१-५२ ठरते. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पौलाला करिंथमध्ये याच गल्लियोपुढे उभे केले आहे. म्हणजे पौल करिंथमध्ये होता तो ५०-५१ च्या सुमारास, आणि हा पाठ मी तेव्हाच तुम्हाला दिला होता असे तो पत्रात म्हणतो. पत्र स्वतः इफिसहून ५३ ते ५५ च्या दरम्यान गेले. आता मागे जा. गलतीकरांस पत्रात तो सांगतो की दिमिष्कच्या (दमास्कसच्या) अनुभवानंतर, म्हणजे येशू दिसला असे तो सांगतो त्यानंतर, तीन वर्षांनी मी यरुशलेमला गेलो, केफाकडे १५ दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब याच्याशिवाय दुसरा कोणी प्रेषित मला भेटला नाही. पुढे लगेच शपथ घेतो की देवासमोर सांगतो, खोटे बोलत नाही. केफाला 'भेटण्यासाठी' तो जे क्रियापद वापरतो त्याचा ग्रीकमध्ये चौकशी करणे, माहिती काढणे असाही अर्थ होतो. 'हिस्टरी' हा शब्द त्याच मुळातला. वधस्तंभाची तारीख इ.स. ३० किंवा ३३ धरली तर ही भेट तीसच्या दशकाच्या मध्यावर किंवा जरा पुढे येते. म्हणजे घटनेनंतर पाच-सात वर्षांत, त्याच शहरात, यादीतल्या पहिल्या दोन नावांशी पौल समोरासमोर बोलला होता.

इथे एक अडचण सांगायलाच हवी. त्याच गलतीकरांच्या पत्रात पौल असेही ठासून सांगतो की माझी सुवार्ता मला माणसांकडून मिळाली नाही, प्रकटीकरणाने मिळाली. मग करिंथकरांना 'मला मिळाले' कसे म्हणतो? माझे वाचन असे की गलतीत मुद्दा अधिकाराचा आहे आणि करिंथात शब्दांचा. पण हे वाचन आहे, पुरावा नाही, आणि कोणी इथे बोट ठेवले तर त्याला गप्प बसवू नका.

या सगळ्यातून काय सिद्ध होते? पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू वाढलेली दंतकथा ही कल्पना बाद होते. दावा पहिल्या काही वर्षांतला आहे, यरुशलेममधला आहे आणि नावानिशी आहे. घटना घडली हे मात्र यातून अजून सिद्ध झालेले नाही. तुमचा पहिला सहकारी नेमका इथेच उडी मारतो.

त्याच्या ५०० लोकांचे पाहू. पौल लिहितो की तो एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना दिसला, त्यातले बरेच अजून हयात आहेत. 'हयात आहेत' या शब्दांत 'जाऊन विचारा' असा सूर आहे, हे खरे. पण आपल्या हातात ५०० साक्षी नाहीत. ५०० जणांबद्दल एका माणसाचे एक वाक्य आहे. एकाचेही नाव नाही, जागा नाही, आणि एवढी मोठी घटना चारही शुभवर्तमानांत सरळ सापडत नाही. करिंथहून यरुशलेमला जाऊन पडताळणी करणे समुद्रमार्गे कित्येक आठवड्यांचे काम होते, ते कोणी केले असेल असे धरून चालता येत नाही. कोर्टाच्या भाषेत बोलायचे तर ही ऐकीव साक्ष आहे. मी हा मुद्दा वापरतच नाही.

त्यापेक्षा याकोबाचे नाव मला जास्त वजनदार वाटते. येशूच्या हयातीत घरचे लोक त्याच्या बाजूने नव्हते. मार्क सांगतो की त्याला वेड लागले आहे असे म्हणून ते त्याला धरून न्यायला आले. योहान सांगतो की भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पुढच्या पिढीत मंडळीत मान असलेल्या माणसाबद्दल अशी गोष्ट कोणी मुद्दाम रचत नाही. हाच याकोब काही वर्षांत यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो, आणि इ.स. ६२ मध्ये महायाजक अननस त्याला दगडमार करवतो. हे ख्रिस्ती नसलेल्या जोसेफसने लिहून ठेवले आहे. मध्ये काय झाले? पौलाची यादी म्हणते, 'नंतर याकोबाला दिसला.' तीन शब्दांच्या या नोंदीखेरीज नव्या करारात त्या भेटीचे वर्णन नाही, पण बदल मात्र उघड आहे. भाऊ गेल्यावर घरातल्यांचे मन पालटते, तसे झाले असेल असेही कोणी म्हणेल. शक्य आहे. पौलाच्या बाबतीत ते म्हणता येत नाही. तो शोकात नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांचा छळ करत फिरत होता, आणि ही कबुली त्याने स्वतःच्या पत्रात दिली आहे.

जोसेफसचा विषय निघालाच आहे तर एक खबरदारी. त्याच्या ग्रंथात येशूवरचा जो मोठा परिच्छेद आहे, ज्यात तो तिसऱ्या दिवशी जिवंत दिसला असे म्हटले आहे, त्यात ख्रिस्ती नकलनविसाचा हात फिरला आहे. तो पुरावा म्हणून पुढे करू नका. समोरच्याला माहीत असेल तर तुमचे बाकीचेही पडेल. टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास लिहितो की रोमन अधिकारी पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला आणि ही 'अंधश्रद्धा' थोडा वेळ दबून पुन्हा उसळली. मृत्यू पक्का करायला एवढे पुरे. पुनरुत्थानाबद्दल तो काही बोलत नाही.

आता कबर. पौल 'पुरला गेला' म्हणतो, 'कबर रिकामी होती' असे म्हणत नाही. वधस्तंभावरचे मृतदेह रोमन लोक सहसा तसेच लटकत ठेवत किंवा खड्ड्यात टाकत, हा आक्षेप गंभीर आहे. पण यहुदिया प्रांतात, युद्ध नसताना, वेगळी वहिवाट होती. जोसेफस सांगतो की आमचे लोक वधस्तंभावरच्यांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात. आणि १९६८ मध्ये यरुशलेमच्या ईशान्येला एका कौटुंबिक कबरीत येहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली. त्याच्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा अजून अडकलेला होता. खिळ्याचे टोक वाकलेले होते म्हणून तो निघाला नाही आणि म्हणूनच आपल्याला कळले. वधस्तंभावर गेलेला माणूस घरच्या कबरीत रीतसर पुरला जाऊ शकत होता, एवढे यावरून ठरते. येशूला तसे पुरले असे ठरत नाही.

कबर रिकामी सापडली, या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा मुद्दा बायकांचा. चारही शुभवर्तमानांत मग्दालीया मरीया तिथे आधी पोचते. जोसेफस म्हणतो की स्त्रियांची साक्ष धरू नये, आणि दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस नेमकी हीच खोड काढतो की कोणा भ्रमिष्ट बाईने पाहिले म्हणे. कथा रचायची असती तर पेत्राला आधी पाठवले असते, असा हा युक्तिवाद. ठीक आहे, पण प्रेताला सुगंधी द्रव्ये लावण्याचे काम बायका करत असत, त्यामुळे कथेत त्या येणे स्वाभाविकही आहे. शिवाय पौलाच्या यादीत एकाही बाईचे नाव नाही. मी याला मध्यम वजन देतो. 'अधिकाऱ्यांनी प्रेत दाखवून विषय संपवला असता' हा मुद्दा त्याहून हलका: प्रेषितांच्या कृत्यांप्रमाणे जाहीर प्रचार ५० दिवसांनी सुरू झाला, आणि एवढ्या दिवसांत खडकातल्या कबरीतले प्रेत कोणाचे हे चेहऱ्यावरून सांगता आले नसते. मत्तयातली कबरीवरच्या पहारेकऱ्यांची गोष्ट इतर तिघांत नाही. तिचा उपयोग इतकाच की शिष्यांनी प्रेत चोरले असे विरोधक म्हणत होते हे कळते, म्हणजे 'कबर भरलेलीच आहे' असे ते म्हणत नव्हते. पण ही विरोधकांची बाजूही आपल्याला मत्तयाकडूनच कळते.

शुभवर्तमानांतल्या विसंगती झाकू नका. बायका किती, देवदूत एक की दोन, दर्शने उत्तरेकडच्या गालीलात की यरुशलेमात, जुळत नाही. एक जागा जवळून पाहा. मार्कमध्ये कबरीतला तरुण म्हणतो, 'तो तुमच्या आधी गालीलात जात आहे, तिथे तुम्हाला दिसेल.' लूक तेच वाक्य घेतो, पण त्याच्याकडे ते असे होते: 'तो गालीलात असताना काय म्हणाला ते आठवा.' गालील शब्द तोच, अर्थ फिरवला, कारण लूकच्या कथेत शिष्य यरुशलेम सोडत नाहीत. लेखक हाताखालचा मजकूर आपल्या मांडणीत कसा बसवतो हे इथे उघड दिसते. याचा अर्थ गाभा खोटा असा होत नाही. पण 'चार स्वतंत्र साक्षीदार' असेही मग म्हणता येत नाही, कारण मत्तय आणि लूक दोघांपुढे मार्क होता.

पर्यायी स्पष्टीकरणांत बेशुद्ध पडून शुद्धीवर आला ही कल्पना आज कोणी गंभीरपणे मांडत नाही. डेव्हिड श्ट्राउस स्वतः पुनरुत्थान न मानणारा, पण एकोणिसाव्या शतकात त्यानेच तिची वाट लावली: अर्धमेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस मृत्यूचा विजेता वाटेल कसा? खरी झुंज आहे ती दर्शनांच्या भासाशी. जवळचे माणूस गेल्यावर ते दिसणे, त्याची चाहूल लागणे अजिबात दुर्मीळ नाही. वेल्समध्ये १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २९३ विधवा-विधुरांपैकी जवळपास निम्म्यांनी असा काहीतरी अनुभव सांगितला. तेव्हा पेत्राला भास झाला असेल हे म्हणणे अगदी वाजवी आहे. अडते ते पुढे. एकाचा भास समजतो, बारा जणांचा एकत्र कसा? पौल आणि याकोबाचे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, गेलेले माणूस दिसले की लोक सहसा 'तो मेला, पण देवापाशी आहे' असे म्हणतात. यहुदी माणसाजवळ त्यासाठी भाषा तयार होती. हे लोक 'उठला' का म्हणाले? परूशी या यहुदी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, पण ते युगाच्या शेवटी, सगळ्यांचे एकदम. इतिहासाच्या मध्येच एकाचे नाही.

या युक्तिवादालाही भोक आहे, आणि ते मार्कमध्येच सापडते. येशूची कीर्ती ऐकून गालीलाचा सत्ताधीश हेरोद म्हणतो, 'मी ज्याचे डोके उडवले तो योहान उठला आहे.' (हा बाप्तिस्मा करणारा योहान, शुभवर्तमानाचा नव्हे.) म्हणजे एकटा माणूस उठण्याची कल्पना लोकांच्या तोंडी होती. तरी योहानाच्या शिष्यांनी ती धरून चळवळ उभारली नाही. इ.स. १३५ मध्ये यहुदी बंडाचा पुढारी बार कोखबा मारला गेला, त्याच्याही अनुयायांनी नाही. हा फरक का पडला याचे उत्तर भासाच्या बाजूने मला आजवर समाधानकारक मिळालेले नाही. मात्र 'समाधानकारक उत्तर नाही' म्हणजे 'चमत्कार झाला' असे होत नाही.

शिष्य हुतात्मे झाले, खोट्यासाठी कोण मरेल, हा मुद्दा अर्धाच घ्या. पेत्र, पौल, येशूचा भाऊ याकोब आणि जब्दीचा मुलगा याकोब यांच्या मृत्यूला बऱ्यापैकी जुने आधार आहेत. बाकीच्यांच्या कथा उशिराच्या आहेत. आणि मरणाने प्रामाणिकपणा सिद्ध होतो, एवढेच. प्रेतचोरीच्या आरोपाविरुद्ध तो पुरतो, भासाविरुद्ध नाही.

आतापर्यंतचा हिशेब: वधस्तंभावरचा मृत्यू पक्का. उठल्याचा दावा अगदी सुरुवातीचा आणि प्रामाणिक, हेही पक्के. पौल आणि याकोबाचे बदलणे जवळपास पक्के. रिकामी कबर संभाव्य, वादग्रस्त. पुढचे पाऊल तुम्ही आधीच काय मानता यावर अवलंबून आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये म्हटले की साक्ष खोटी असणे हेच जास्त मोठे आश्चर्य ठरत असेल तरच चमत्काराची साक्ष मानावी. देव आहे आणि तो असे करू शकतो असे मानणाऱ्याच्या तराजूत हा पुरावा पारडे खाली आणतो. न मानणाऱ्याच्या तराजूत 'काहीतरी झाले, काय ते कळत नाही' एवढ्यावर काटा थांबतो. म्हणूनच सीझरशी तुलना लंगडी आहे. सीझरच्या खुनानंतरच्या महिन्यांतली सिसेरोची पत्रे आहेत, मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने दोन खंजिरांचे नाणे पाडले, आणि मुख्य म्हणजे पुढारी भोसकला गेला हे मानायला जगाबद्दलची समजूत बदलावी लागत नाही. मराठी माणसाला इथे तुकोबांचे सदेह वैकुंठगमन आठवते, आणि ते आठवावेच. तुमच्या सहकाऱ्याला विचारा की तिथे तो कोणती मोजपट्टी लावतो, साधन किती जवळचे, साक्षीदार कोण, आणि मग तीच इथे लाव म्हणा. तुम्ही स्वतः उलट्या दिशेने तेच करा.

वाचायचे असेल तर क्रम असा ठेवा. आधी १ करिंथ १५, मग गलतीचे पहिले दोन अध्याय, दोन्ही मिळून तासाभराचे काम. त्यानंतर मार्क, आणि शेवटच्या अध्यायात आठव्या वचनाशी थांबा. पुढची बारा वचने चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. काही आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप दिसेल. आठव्या वचनात बायका थरथरत कबरीतून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात.